सतरा नंबर गैरहजर

६ जानेवारी

दोन वर्षं डायरीला हात लावला नव्हता. आज लावते, कारण आजपासून माझ्या ताब्यात एक वही आली आहे आणि तिच्याबद्दल उद्या मला जाब विचारला जाऊ शकतो. तेव्हा मनात काय होतं, हेही कुठेतरी लिहिलेलं असावं.

प्राचार्यांनी बोलावलं होतं. प्राचार्य म्हणजे माझाच जुना विद्यार्थी. याला हाताची बोटं कधी काढता आली नाहीत. चार वर्षं याच्या चित्रांतली सगळी माणसं खिशात हात घालून उभी. आता तोच मला समोर बसवून म्हणतो, "बाई, वरून पत्र आलंय. पंच्याहत्तर टक्के हजेरी नसेल तर वार्षिक परीक्षेला बसवायचं नाही. चित्रकलेची मुलं म्हणून आजवर चालवून घेतलं, आता नाही."

"बरोबरच आहे," मी म्हटलं.

"शेवटच्या वर्षाची हजेरी तुम्ही घ्या. तुमच्या वहीवर कोणी बोट ठेवणार नाही."

वर्षाचे एकशे साठ दिवस, त्यातले एकशेवीस भरायला हवेत. तीनदा उशीर म्हणजे एक गैरहजेरी, हे कलम मी घालून घेतलं. मी शिकत होते तेव्हा वर्गात आम्ही दोनच मुली होतो. चार वर्षांत माझा एक दिवस चुकला नाही. शिकवायला लागल्यापासून एकतीस वर्षांत वडील गेले ते तीन दिवस.

गुडघ्याचा विषय काढला नाही. काढण्यासारखं काही नाही.

७ जानेवारी

शेवटच्या वर्षाला मॉडेलचा वर्ग रोज सकाळी दहाला. मधोमध दोन फूट उंच लाकडी चौथरा, त्यावर मॉडेलबाई. चोवीस मुलं तिच्याभोवती गोल करून, कोणी ईझलशी उभी, कोणी बुटक्या स्टुलावर, बोर्ड मांडीवर घेऊन. ज्याची जागा त्याने खडूने जमिनीवर आखून घेतलेली. मुलं मागच्या दाराने येतात, तिकडे बोर्डांचं कपाट आणि हात धुवायची मोरी आहे. माझी खुर्ची समोर, खिडकीखाली.

आजवर नावं पुकारून हजेरी व्हायची. टोपी घालणारा एक उंच मुलगा आहे, सगळे त्याला टोपीच म्हणतात. तो चार आवाजांत "हजर मॅडम" म्हणायचा, हे मला गेल्या वर्षीच कळलं होतं. म्हणून आज सांगून टाकलं, "यापुढे नावं पुकारणार नाही. सव्वादहाला पहिली पोझ सुरू झाली की कोणी हलणार नाही. मी माझ्या जागेवरून बघीन. जो दिसेल तो हजर."

"मॅडम, आणि शिंक आली तर?" टोपी.

"शिंकताना दिसशीलच."

मी यांना तीन वर्षं तेच शिकवते आहे. हात ताठ, एक डोळा मिटलेला, पेन्सिलीवर माप. आणि जागा सोडायची नाही. पाहणाऱ्याने जागा बदलली की चित्र खोटं पडतं. हजेरीलाही तोच नियम लावला. चेहरा दिसला की वहीत उभी रेघ. दीड मिनिटात चोवीस रेघा.

आज चोवीसच्या चोवीस होते. दोन-चार दिवस भीती राहील, मग बघू.

१५ जानेवारी

सतरा नंबर. गेल्या आठ दिवसांत सहा दिवस गैरहजर.

ही मुलगी मला आठवते ती सप्टेंबरपासून. तेव्हा समोर, चौथऱ्याच्या पुढ्यातच बसायची. रेघ इतकी फिकट की कागदावर आहे की नाही हे वाकून बघावं लागे. मी बोर्ड उचलून सगळ्या वर्गाला दाखवला आणि म्हटलं, "हे चित्र आहे की माफीपत्र?" मुलं हसली. बोललं ते योग्यच होतं. रेघेला घाबरून चित्र होत नाही. त्यानंतर ती समोर बसलेली मला आठवत नाही. बोलतेही तशीच, तोंडातल्या तोंडात. मुलं तिला हळू म्हणतात. "हळूला विचार", "हळूकडे कोळसा आहे".

वर्ग संपताना सगळ्यांनी बोर्ड माझ्या खुर्चीपाशी आणून दाखवायचे, असं नोव्हेंबरपासून ठरवलं आहे. ही दाखवायलाही येत नाही. येईल कशी!

मी आज मोठ्याने म्हटलं, "सतरा नंबर पुन्हा नाही."

टोपी चौथऱ्याच्या डावीकडून म्हणाला, "आहे की मॅडम. हळू रोज असते."

"तू चौघांच्या आवाजात हजर असायचास. तुझी साक्ष मला नको."

"चार नाही मॅडम, एकदा पाच होते."

वर्ग हसला. मी हसले नाही. एकाने दुसऱ्याला पांघरूण घालायची यांची सवय मोडली तरच या वहीला अर्थ.

२३ जानेवारी

मॉडेलबाईची पोझ आठवडाभर आडवी आहे, कुशीवर, डोक्याखाली हात. आणि सतरा नंबर आठवडाभर हजर! चौथऱ्याच्या पलीकडे तिचं खाली घातलेलं डोकं स्वच्छ दिसतं. मी मागची पानं उलटून पाहिली. महिन्याच्या सुरुवातीलाही ती दोन दिवस होती, तेव्हाही पोझ आडवीच. बसलेली पोझ लागली की बाईसाहेब गायब.

म्हणजे कामचुकारपणातही निवड आहे. झोपलेलं माणूस तिला सोपं वाटत असणार. खरं तर तेच अवघड, पण हे तिला सांगणार कोण? सांगायला ती हवी ना जागेवर.

धाकटीला हे जेवताना सांगितलं. धाकटी म्हणजे माझी बहीण. तिचे यजमान गेल्यापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. ती म्हणाली, "गंमतच आहे. अगं, तू उठून जरा बघायचंस तरी."

"काय बघायचं? मला दिसतं बसल्या जागेवरून."

"तेच म्हणते मी. हल्ली तू बसलेलीच असतेस." मग गुडघ्यावर घसरली. "ताई, दाखव एकदा डॉक्टरला. जिना चढताना तुझा चेहरा बघवत नाही." मी विषय बदलला. दाखवलं की ऑपरेशन म्हणतील, आणि ऑपरेशन म्हटलं की माझा वर्ग त्या नव्या सरांना देतील. ते पळत जिने चढतात.

नोव्हेंबरात कॉलेजच्या कडक स्टुलावर बसवेना, तेव्हा घरची वेताची बुटकी खुर्ची धाकटीनेच माझ्याबरोबर पाठवली. तिचे उपकार मान्य आहेत. पण टोमणे नकोत.

४ फेब्रुवारी

पोझ पुन्हा बसलेली, उंच स्टुलावर, पाठ उघडी, पुढून खांद्यांपर्यंत चादर. सतरा नंबर तीन दिवस नाही.

मधल्या सुट्टीत मॉडेलबाई माझ्यापाशी चहा घेत बसली. मुलं तिला मावशी म्हणतात. सतरा वर्षं हे काम करते. पाठीवर गळू झालं होतं, काल डॉक्टरने फोडलं, मोठी पट्टी लावली आहे. मला समोरून काही दिसलं नव्हतं.

"मग सुट्टी घ्यायची," मी म्हटलं.

"बसायचंच तर काम आहे. बसायला पाठ दुखली तर चालते." मग हसून म्हणाली, "तुम्हाला वाटतं मला काही कळत नाही? डोळे समोर लावलेले असले तरी कान मोकळे असतात. कोण कसा कोळसा घासतो ते मला पाठ आहे. टोपीवाला खसाखसा. खिडकीशी ती चष्मेवाली खोडतेच जास्त. आणि मागून एक येतो आवाज, बारीक, न थांबता. तो ऐकत बसलं की वेळ जातो बघा."

मागे मोरीचा नळ गळतो. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे.

१२ फेब्रुवारी

नियमाप्रमाणे वीस दिवस राहिले की कमी हजेरीवाल्यांच्या घरी पत्र जातं. मी आणखी थोडी वाट पाहिली होती. आज सतरा नंबरच्या घरी गेलं. आधी निरोप पाठवून तिला बोलावून घेतलं. मधल्या सुट्टीत वऱ्हांड्यात आली, हात कोळशाने माखलेले.

"घरून निघतेस ना? मग जातेस कुठे?"

काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने."

"कुठे नाही. असते मी, मॅडम."

"असते म्हणून चालत नाही. मी रोज सव्वादहाला बघते. तू दिसतेस का, ते सांग."

मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मग दिसत नसेन."

असं उद्धट उत्तर मला इतक्या हळू आवाजात आजवर कोणी दिलं नव्हतं. हातावर कोळसा होता हे नंतर लक्षात आलं. पण कोळसा काय, दोन मिनिटांत लावता येतो.

१७ फेब्रुवारी

सतरा नंबरचे मामा आले. तिची आई दूर नोकरीला असते, मुलगी मामाकडे राहते. मामा छपाईच्या कारखान्यात, शिफ्ट टाकून आलेले, हातात माझं पत्र चार घड्या घातलेलं.

"बाई, ती रोज नऊला घर सोडते. डबा घेऊन. मग ती जाते कुठे?"

"ते तुम्हीच शोधा."

"वाईट नाही हो ती. निदान आजवर तरी वाटत नव्हती." पत्राची घडी उघडली, पुन्हा घातली. "तिच्या आईला मी शब्द दिलाय, वर्ष वाया गेलं नाही तर शिकवीन. गेलं तर पुढे जमणार नाही. आमच्याकडे आणखी दोन आहेत पाठोपाठ. उद्यापासून मी स्वतः फाटकापर्यंत सोडतो."

"सोडा."

जाताना नमस्कार करून गेले. त्यांचा चेहरा दिवसभर डोळ्यांसमोरून हलेना. मी काही चुकीचं केलेलं नाही. जे दिसलं ते लिहिलं.

२० फेब्रुवारी

मामा तिला रोज फाटकात सोडतात. आज वरच्या खिडकीतून मी दोघांना पाहिलं. मामा पुढे, ही चार पावलं मागे, बोलणं नाही. पावणेदहा. आणि सव्वादहाला वर्गात तेवीस.

म्हणजे फाटकातून आत येऊन मागच्या बाजूने निघून जाते. इतकी हिंमत या मुलीत असेल असं वाटलं नव्हतं. टोपी आता काही म्हणत नाही, नुसता माझ्याकडे बघतो.

२६ फेब्रुवारी

आज तीनदा मोजलं. तेवीस, तेवीस, तेवीस.

मनात एक शंका आली आणि ती लिहूनच टाकते. माझेच डोळे गेले असतील तर? म्हातारपणी कडेचं दिसेनासं होतं म्हणतात. दुपारी कोणाला न सांगता डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. त्याने एका भांड्यासारख्या यंत्रात तोंड घालायला लावलं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. एकही ठिपका चुकला नाही. "या वयात असे डोळे बघायला मिळत नाहीत," म्हणाला. मग खुर्चीतून उठताना माझ्याकडे बघून, "गुडघा मात्र दाखवा."

सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. डोळे शाबूत आहेत म्हणजे वही बरोबर. मग वही पुन्हा पहिल्या पानापासून का चाळते आहे मी?

५ मार्च

दिवस भरले. यादी लावली. परीक्षेस अपात्र: एक. सतरा नंबर. डिसेंबरअखेर एकशेबारापैकी ब्याण्णव, माझ्या वहीत अठ्ठेचाळीसपैकी तेवीस. एकूण एकशेपंधरा. पाच दिवस कमी.

फक्त पाच. तीन-चार वेळा बेरीज केली. एखाद्या दिवशी मीच घाईत चुकले असेन का? पण पाच दिवस कोण चुकतं?

यादी लावून जिना उतरताना कठडा दोन्ही हातांनी धरावा लागला. वरून नवे सर धडधड उतरत आले आणि माझ्यासाठी थांबले. तेच जास्त लागलं.

९ मार्च

हे नीट लिहायचं आहे. क्रमाने.

मॉडेलबाई आज आली नाही. तिची मुलगी बाळंत झाली. चौथरा रिकामा. मुलं आपापल्या जागी बसून होती, गप्पा चालल्या होत्या. मी वहीत डोकं घालून बसले, मग मान वर केली.

रिकाम्या चौथऱ्याच्या पलीकडे, अगदी माझ्या समोर, सतरा नंबर बसली होती. बुटक्या स्टुलावर, बोर्ड मांडीवर, चाकूने कोळशाला टोक काढत.

पहिला विचार हाच, की यादी लागल्यावर आता तोंड दाखवायला आली. मी म्हटलं, "आज बरी आलीस?"

ती उठून उभी राहिली. "रोज येते, मॅडम."

"कुठे बसतेस?"

तिने पायाखाली दाखवलं. बसून दिसेना म्हणून मी उठले. चौथऱ्याला वळसा घालून मागे जायला मला किती वेळ लागला ते सगळ्यांनी पाहिलं. नोव्हेंबरनंतर मी त्या बाजूला पाऊल टाकलेलं नाही. तिथे जमिनीवर स्टुलाच्या तीन पायांच्या खुणा होत्या, खडूवर खडू, पुसून पुन्हा आखलेल्या. भोवती कोळशाची भुकटी फरशीच्या भेगांत बसलेली. एका दिवसात बसत नाही ती.

"टोपी," मी म्हटलं, "चौथऱ्यावर बस. मावशी बसते तसा."

"मी, मॅडम? कपडे घालून ना?"

"बस म्हणते ना!"

तो उंच स्टुलावर बसला, कोणीतरी त्याच्या खांद्यावर चादर टाकली. मी परत गेले आणि माझ्या बुटक्या खुर्चीत बसले. पलीकडे कोणी नव्हतं. टोपी, चादर, चौथरा. मी वही उघडली आणि मोजलं. टोपी धरून तेवीस.

"सतरा," मी म्हटलं.

"हो, मॅडम." चादरीच्या मागून.

तरी मी तिच्या चित्रांचा गठ्ठा मागवला. मला खात्री हवी होती, माझा स्वभाव जात नाही. सगळ्या पाठी. मॉडेलबाईची पाठ, नव्वद-शंभर कागद. त्या फिकट रेघेचा मागमूस नाही. मणक्यावरून कोळसा असा उतरवलाय की माणूस दमून बसलंय हे मानेवरूनच कळावं. मला चाळताना दोनदा थांबावं लागलं. आणि मधल्या कागदांवर, डाव्या खांद्याखाली, पट्टी. आधी मोठी चौकोनी. मग लहान. मग नुसता व्रण. घरी येऊन हीच डायरी उघडली आणि ४ फेब्रुवारीचं पान वाचलं. त्या वेळी ती पट्टी फक्त मागे बसलेल्या माणसालाच दिसू शकत होती.

बाकी पानंही वाचली. वाचताना सहन होईना.

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस?" मी वर्गात विचारलं होतं.

"सांगितलं होतं, मॅडम."

१० मार्च

प्राचार्यांकडे गेले. सगळं सांगितलं, गुडघा सोडून. त्याने डोक्याला हात लावला. "बाई, यादी वर गेलीय. हजेरीची वहीच चुकली असं कळवलं तर चोवीसच्या चोवीस मुलांची हजेरी तपासायला माणूस येईल. तुम्हाला विचारतील, एवढे दिवस एकदाही मागे कशा गेला नाहीत?"

मी मांडीवरची वही मिटली.

"सोपा रस्ता आहे. आजारपणाच्या दाखल्यावर दहा दिवसांपर्यंत माफी मिळते. तिला पाचच हवेत. मामांना म्हणावं, दाखला आणा. मुलगी बसेल परीक्षेला, वही तशीच राहील. कोणाचं काही बिघडत नाही."

मुलीचं वर्ष वाचतं. माझी वही वाचते, वर्ग वाचतो. मी म्हटलं, "विचारते तिला." बाहेर आल्यावर जाणवलं, इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं. याची लाज वाटते आहे म्हणून लिहिते.

धाकटीला सांगितलं. मला वाटलं टोमणा मारेल. तिने फक्त विचारलं, "आणि त्या मामांना काय वाटत राहील? पोरगी दोन महिने कुठे फिरत होती?"

११ मार्च

तिला वऱ्हांड्यात बोलावलं. दाखल्याचं सांगितलं. उद्या दुपारपर्यंत दिला तर पुरे, असंही. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, आणि मी "मोठ्याने" म्हटलं नाही, वाकून ऐकलं,

"पण मी आजारी नव्हते, मॅडम. मी होते."

मग तितक्याच हळू, "दोन दिवस खरंच नव्हते. एकोणतीस आणि तीस जानेवारी. ताप होता. ते दोन गैरहजर राहू द्या."

मी वही उघडली. एकोणतीस, तीस: गैरहजर. पंचवीसपैकी माझे तेवढे दोनच खरे.

खोलीत जाऊन दार लावलं आणि निवेदन लिहिलं. चार वेळा फाडलं. पहिल्या तिन्ही वेळा "नजरचुकीने" हा शब्द आला होता. नजर चुकली नव्हती. शेवटी असं लिहिलं:

'नोव्हेंबरपासून माझा उजवा गुडघा निकामी आहे. हे मी कॉलेजपासून लपवलं. उभं राहून वर्गात फिरणं मी बंद केलं आणि एका बुटक्या खुर्चीवरून हजेरी घेतली. तिथून मॉडेल बसलेली असताना तिच्या मागची जागा दिसत नाही. त्या जागेवर सतरा नंबर रोज बसत होती. तिने मला हे सांगितलं, वर्गातल्या एका मुलानेही सांगितलं. मी ऐकलं नाही. तिचे तेवीस दिवस माझ्या चुकीने गेले. तिची खरी हजेरी एकशेअडतीस. पुराव्यासाठी तिची रेखाटनं आणि माझ्या डायरीतलं एक पान सोबत जोडलं आहे.'

प्राचार्याने वाचलं. "बाई, पहिली दोन वाक्यं गाळली तरी चालेल."

"मग तिसरं कोणाला पटेल?"

त्याने सही केली. सही करताना त्याचा हात नीट दिसला. चांगली लांब बोटं आहेत त्याची.

१२ मार्च

संध्याकाळी मामांच्या घरी गेले. तीन जिने. धाकटी बरोबर आली, एका बाजूने धरून. मामा कामावरून नुकतेच आलेले, दारातच उभे. आत सतरा नंबर मामेभावंडांचा अभ्यास घेत होती.

"तुमची भाची एक दिवसही कुठे गेली नव्हती," मी म्हटलं. "मी लिहिलेलं पत्र चुकीचं होतं. ते परत घ्यायला आले आहे."

मामांनी खिशातून पाकीट काढलं. पत्र तिथेच होतं, घड्यांवर विरलेलं. मला दिलं आणि आत वळून नुसतं म्हणाले, "अगं, बाईंना पाणी आण." पाणी तिनेच आणलं. मामांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, पेला सांडला, आणि मग सगळे जण फडकं शोधायला लागले.

१४ मार्च

तपासनीस येऊन गेला. दीड तास वही, गठ्ठा, माझी खुर्ची. खुर्चीत स्वतः बसून पाहिलं, मागे बसलेल्यांना हात वर करायला सांगितलं. बाकी तेवीस जणांत फरक निघाला नाही. सतरा नंबरला परवानगी आली.

माझ्यासाठी वेगळं पत्र. परीक्षेनंतर वर्ग नव्या सरांकडे. मला उपचारासाठी रजा, किती दिवस ते डॉक्टर ठरवतील. पत्रात 'विनंतीनुसार' असं लिहिलं आहे. मी विनंती केली नव्हती. पण धाकटीने तारीख घेऊनही टाकली आहे.

१६ मार्च

परीक्षेचा पहिला दिवस. देखरेख माझ्याकडेच, शेवटची.

परीक्षेत जागा चिठ्ठ्यांवर ठरतात, आपली नेहमीची जागा मिळत नाही. सतरा नंबरने चिठ्ठी उघडली आणि तिचा चेहरा पांढरा पडला. खिडकीखालची जागा. मॉडेलबाईच्या अगदी समोर, जिथे माझी वेताची खुर्ची होती. दोन महिने नुसत्या पाठी काढलेली मुलगी, आणि आता चेहरा. चेहऱ्याला पन्नासातले वीस गुण. माझ्या तोंडाशी काहीतरी धीराचं आलं, पण मी ते नीट बोलू शकले असते असं नाही. टोपीने खुर्ची उचलून बाजूला ठेवली, तिथे तिचं स्टूल ठेवलं आणि खडूने तीन पाय आखून दिले. "बस, हळू. मॅडमनी ऊब करून ठेवलीय."

मॉडेलबाई चौथऱ्यावर चढली, नात आणि तिची आई काल घरी आल्याचं सांगून उंच स्टुलावर बसली. सव्वादहा. कोणी हलायचं नाही.

मी काठी घेतली आणि हळूहळू वळसा घालून मागे गेले, जुन्या खडूच्या खुणांवर उभी राहिले. समोर ती पाठ. खांद्याखाली व्रण, कागदावर पाहिला होता अगदी तसाच. मी वही उघडली आणि मोजलं.

तेवीस.

पुढून, चादरीच्या पलीकडून, कोळशाचा बारीक आवाज येत होता. मध्ये दोन वेळा थांबला. मग पुन्हा सुरू झाला, आधी धीमा, मग एकसारखा, न थांबता.

सतरा नंबरपुढची रेघ मी तिला न पाहताच ओढली.